समुद्र पूर्वेला असतो तेव्हा

तारामुंबरीत वाट सांगताना बाबा
पूर्व-पश्चिम म्हणायचे नाहीत.
समुद्राकडे म्हणजे खाली,
सड्याकडे म्हणजे वर.
नारळी पुनवेला सगळी गाबीतवाडी खाली तोंड करून उभी,
समोर सूर्य बुडत असायचा,
आणि चंद्र मागून, सड्यावरून, गुपचूप येऊन
आमच्या पाठींवर हात ठेवायचा.
कुणी वळून बघत नसे.

सूरला मला सात वर्षं झाली.
इस्पितळात डायलिसिसची यंत्रं सांभाळते.
इथे समुद्र पूर्वेला आहे,
नकाशाला ठाऊक होतं, माझ्या अंगाला नव्हतं.
कित्येक महिने संध्याकाळी खिडकीशी जायचे
आणि उजेड भलतीकडून निघून जायचा,
झाडाचं नावही न ऐकलेल्या त्या डोंगराआड,
कागदावर सही न करता
वॉर्डातून निघून गेलेल्या पेशंटसारखा.

यंदा पुनवेला रजा मिळाली.
मल्याळ्याच्या दुकानातून नारळ आणला,
शेंडी छाटलेला. देवाला चालत नाही तसला.
चॉकलेटचा सोनेरी कागद गुंडाळला
आणि वाळूवर जाऊन उभी राहिले.

तर चंद्र समोरून आला. पाण्यातून. ओला.

हात जोडलेले तसेच राहिले.
ज्याला द्यायला आले
तोच काहीतरी वर काढून दाखवत होता.

मागे वीस पावलांवर शेजारचा खल्फान,
जुना गलबतांचा सुतार,
मगरिबची नमाज पढत होता, डोंगराकडे तोंड करून.
त्याची पाठ समुद्राला, माझी त्याला.
एका बिजागरीच्या दोन फळ्या.

नारळ टाकला. लाटेने आणून दिला.
पुन्हा टाकला. पुन्हा.
तिसऱ्यांदा खल्फानचा नातू अझ्झान
तो छातीशी धरून धावत आला,
"खाला, तुझा पडला."

माझं अरबी वजनाचं, खाजेचं, रक्तदाबाचं.
"बहर," मी म्हटलं. समुद्र. "हदिया." भेट.
पोराने समुद्राकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, जरा काळजीने.

खल्फानने चटई झटकून गुंडाळली.
"इथून तो घेत नाही," म्हणाला,
"या दिवसांत इथली लाट फक्त आणते.
खोराच्या तोंडाशी चल, ओहोटी लागली की.
नवं गलबत आम्ही तिथूनच सोडायचो.
तिथे काही थांबत नाही."

रात्री उशिरा गेलो तिघं.
पलीकडे ऐजाचं दीपगृह, मधे पाण्याचा अरुंद घसा
आणि त्यातून अख्खं खोर बाहेर निघालेलं,
आवाज न करता.

आता गाऱ्हाणं घालायला हवं.
पण गाऱ्हाण्याला पत्ते लागतात.
बाबा एकेक नाव घ्यायचे: खडपावरचा, शिवेवरचा,
पाणंदीच्या वळणावर बसलेला.
इथली शीव कुठली? वळणावर कोण?

"बारा वाटांच्या म्हाराजा," मी सुरू केलं,
"ह्या खोराच्या तोंडार बसलेल्या,
तुजा नाव माका ठावक नाय..."

थांबले. तिथे तीस गडी
"व्हय म्हाराजा" म्हणायची जागा होती.

"ऐवा," अझ्झान म्हणाला.
एवढी मोठी गप्प जागा
कुणीतरी भरायला हवी, असं वाटलं असेल त्याला.

"त्या उघड्या डोंगरातल्या,
आमच्या सागाची गलबतां जेच्या दारात झाली तेच्या..."

"ऐवा."

"समोर दिवो पेटवन जागणाऱ्या,
लेकरू परमुलखात आसा, तेका सांबाळ."

"ऐवा," या वेळी खल्फानही.

कोणतं लेकरू, मी सांगितलं नव्हतं.
मलाही नक्की माहीत नव्हतं.

नारळ सोडला.
पाण्याने दोनदा फिरवून पाहिला
आणि नेला.
बाबा म्हणत, दिलेल्याचा माग काढू नये.
पण तो पूर्वेला चालला होता, मी काय करू?
डोळे मिटले तरी दिशा दिसते.

"कुठे गेला?" अझ्झानने विचारलं.
"खाली," मी म्हटलं, मराठीत,
आणि हात आपोआप बरोबर तिकडे गेला.

परतताना पोराला झोप आली.
समोर काळा डोंगर.
त्याचं बोट धरून म्हटलं,
चल रे, वर जाऊ.